गेम बनवायचं लहानपणचं स्वप्न: नोकरी सांभाळून पहिले सहा महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, मेकॅनिकलची पदवी, चाकणला प्रॉडक्शनमध्ये नोकरी, राहायला भोसरीला. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमपासून 'आपण गेम बनवायचा' हे डोक्यात बसलंय. एका संस्थेने वर्षभराचा अडीच लाखांचा कोर्स सांगितलाय, हप्त्यांवर. तो लावावा का, नोकरी सोडावी का, कुठलं इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) शिकावं, आणि आत्ताचा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरेल का?

कोर्स आत्ता नको, आणि नोकरी मुळीच सोडू नका. आधी एक छोटा गेम पूर्ण करा. पूर्ण म्हणजे त्याला सुरुवातीचा स्क्रीन हवा, हरणं-जिंकणं हवं, आवाज आणि तो बंद करायची सोय हवी, पॉज हवा, 'पुन्हा खेळा' बटण हवं, आणि तुम्ही शेजारी उभे नसताना तो दुसऱ्याच्या फोनवर चालायला हवा. मधेच फोन आला आणि परत गेममध्ये आलं, तर तो होता तिथून सुरू व्हायला हवा. अर्धवट गेम बनवणारे गल्लोगल्ली सापडतात. स्टुडिओ पगार देतो तो या शेवटच्या कंटाळवाण्या कामाचा. गेम खेळायला आवडणं आणि बनवायला आवडणं या निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी आपल्यात आहे की नाही हे साधारण तिसऱ्या महिन्यात कळतं, आणि ते फुकटात कळलेलं बरं.

नोकरी करून आठवड्याला ८ तास निघतात असं धरा. रात्रपाळीच्या आठवड्यात कमी, रविवारी थोडे जास्त. सहा महिन्यांचे साधारण २०० तास होतात. त्यातले ३० इंजिन आणि भाषेची ओळख होण्यात जातील, ५० दोन जुन्या गेमच्या नकला करण्यात, १०० स्वतःच्या एका गेमवर आणि उरलेले २० तो प्रकाशित करण्यात. ओळखीच्या ३० तासांचे १०० होऊ देऊ नका. व्हिडिओ बघून टाइप करत गेलं की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की हात चालत नाही. एक धडा बघितला की व्हिडिओ बंद करून तोच भाग न बघता पुन्हा लिहायचा. अडाल तिथेच शिकणं सुरू होतं.

इंजिनबद्दल माझं मत सरळ आहे. पुण्यात मोबाइल गेमची नोकरी हवी असेल तर युनिटी हे इंजिन आणि त्याची सी-शार्प ही भाषा. अनरियल हे दुसरं इंजिन ताकदीचं आहे, पण ८ जीबी रॅमवर ते उघडण्यातच संध्याकाळ जाईल, आणि त्याच्या सी-प्लस-प्लस भाषेने सुरुवात केली तर पहिला महिना कंपायलरशी, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामशी, भांडण्यात सरेल. गोडो हे तिसरं इंजिन हलकं, मोफत आणि मुक्त परवान्याचं आहे. छंद म्हणून करणार असाल तर मी तेच सुचवेन. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं आणि बरेच लोक बिथरले होते. वर्षभराने त्यांनी ते मागे घेतलं. बारा महिन्यांत २ लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्याला पर्सनल आवृत्ती मोफतच आहे. अनरियल १० लाख डॉलर उत्पन्नानंतर ५ टक्के रॉयल्टी घेतं. यातला कुठलाच आकडा तुम्हाला इतक्यात त्रास देणार नाही. एकदा इंजिन ठरलं की वर्षभर बदलू नका.

पहिली नक्कल पाँगची करा. १९७२ चा गेम: दोन फळ्या, एक चेंडू. दोन रात्रींत होईल असं वाटतं, आणि मग चेंडू फळीला चिकटून जागच्या जागी थरथरायला लागतो. फळीला टेकला की चेंडूची दिशा उणे एकने गुणायची, असं तुम्ही लिहिलेलं असतं. पुढच्या फ्रेमलाही (स्क्रीन सेकंदाला अनेकदा नव्याने रंगतो, त्यातलं एक चित्र म्हणजे फ्रेम) चेंडू थोडासा फळीच्या आतच असतो, म्हणून दिशा पुन्हा उलटते, मग पुन्हा. उपाय असा की दिशा उलटवायची नाही, ठरवायची. डाव्या फळीला लागला तर वेग उजवीकडेच, काहीही झालं तरी. नंतर लक्षात येईल की चेंडू कायम एकाच कोनात फिरतोय आणि खेळात मजाच नाही. फळीच्या मधोमध लागला तर सरळ, टोकाला लागला तर तिरका, असं मध्यापासूनच्या अंतरावरून कोन काढा. चार ओळींच्या या बदलाने तोच गेम खेळावासा वाटायला लागतो. दुसरी नक्कल ब्रेकआउटची, १९७६. तिथे चेंडू एकाच वेळी दोन विटांना लागतो, दिशा दोनदा उलटते, आणि चेंडू भिंतीतून आरपार निघून जातो. एका फ्रेममध्ये एकच टक्कर मोजायची हे तिथे शिकाल. विटांची मांडणी कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमधून वाचायची, हेही.

आता स्वतःचा गेम. मोठं मोकळं जग, सोबत दहा मित्र ऑनलाइन, हे डोक्यातून काढा. एका बटणाचा, एका स्क्रीनचा गेम घ्या. विटी-दांडू घेऊ, कारण तो सगळ्यांना माहीत आहे आणि दिसतो तितका सोपा नाही. पहिल्या टॅपला विटीच्या टोकावर दांडू पडतो आणि ती उडते. दुसऱ्या टॅपला टोला. टॅप नेमक्या वेळी झाला तर विटी लांब, नाहीतर हुकली. क्षेत्ररक्षकाने झेल घेतला तर बाद. अंतर दांडूंनी मोजायचं, आणि मोजणीला वकट, लेंड, मूंड हे शब्द आयते आहेतच.

तुम्ही मेकॅनिकलचे, त्यामुळे प्रक्षेप्य गतीची गणितं तुम्हाला नवीन नाहीत. पण इथे ती उलट्या बाजूने मांडायची असतात. गेममध्ये गुरुत्वाकर्षण ९.८ घेऊन बसत नाहीत. विटी किती उंच जावी आणि किती वेळात, हे आधी ठरवतात आणि गुरुत्वाकर्षण त्यावरून काढतात. उंची १.५ मीटर आणि वर जायला ०.४ सेकंद हवेत, तर दुप्पट उंची भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे १८.७५. सुरुवातीचा वेग ७.५ मीटर प्रति सेकंद. खऱ्या ९.८ ने तीच विटी वर जायला ०.५५ सेकंद घेईल आणि छोट्या स्क्रीनवर फुग्यासारखी तरंगताना दिसेल.

खाली येताना मात्र इथे ९.८ च ठेवा. उड्या मारायच्या गेममध्ये पडताना गुरुत्वाकर्षण वाढवतात, म्हणजे पात्र चटकन जमिनीवर येतं. इथे खेळणाऱ्याला विटी येताना दिसायला हवी, म्हणून उलटं. समजा विटी १.२ ते ०.८ मीटर उंचीवर असताना टोला बसतो. १.५ वरून पडताना हा पट्टा ओलांडायला ०.१३ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने फक्त आठ फ्रेम. त्यात टचस्क्रीन आणि डिस्प्लेचा उशीर धरला, तर माणूस वेळेवर टॅप करूनही हुकतो आणि 'गेम चीटिंग करतोय' म्हणतो. त्याचं बरोबरच असतं. पट्टा १.३ ते ०.६ करा, वेळ ०.२३ सेकंदांपर्यंत जातो. चित्रात मात्र टोला नेहमी नेमका बसलेला दाखवा. गेममध्ये खोटं बोलायला हरकत नाही, फक्त ते खेळणाऱ्याच्या बाजूने असावं. टोला ४५ अंशांत आणि २० मीटर प्रति सेकंद वेगाने गेला तर विटी ४१ मीटरच्या आसपास पडते. दांडू ६० सेंटिमीटरचा धरला तर ६८ दांडू. हा तुमचा उत्तम फटका. बाकीचे गुण याच्या खाली बसवा.

तीन बिघाड इथे हमखास होतात. पहिला: दहातले दोन टॅप लागतच नाहीत. टॅप तपासायचा कोड फिक्स्ड अपडेटमध्ये, म्हणजे युनिटी ठरावीक अंतराने चालवतं त्या भागात, लिहिलेला असतो. तो सेकंदाला ५० वेळा चालतो आणि स्क्रीन ६० वेळा रंगतो, म्हणून काही फ्रेममध्ये तो चालतच नाही आणि त्या फ्रेममधला टॅप हरवतो. टॅप दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये पकडून नोंदवून ठेवायचा, भौतिकीचं काम फिक्स्ड अपडेटमध्ये करायचं. दुसरा: मित्राच्या फोनवर विटी दुप्पट वेगाने गरगरते. दर फ्रेमला ठरावीक अंश फिरवलंत, आणि त्याचा स्क्रीन १२० हर्ट्झचा. फिरणं, सरकणं, वेळ मोजणं, सगळं डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणलंच पाहिजे. जाता जाता, युनिटी मोबाइलवर सांगितल्याशिवाय ३० फ्रेमच देतं. ते ६० करायला विसरलात तर वरचे आठ फ्रेम चारच उरतात. तिसरा: जोरात मारलेली विटी क्षेत्ररक्षकाच्या आरपार जाते. २० मीटर प्रति सेकंद वेगाची विटी फिक्स्ड अपडेटच्या ०.०२ सेकंदाच्या एका पावलात ४० सेंटिमीटर पुढे जाते. वाटेत २० सेंटिमीटरचा माणूस असेल तर आदल्या पावलाला ती त्याच्या अलीकडे असते आणि पुढच्या पावलाला पलीकडे. टक्कर तपासणी कंटिन्युअस (दोन पावलांमधली वाटही तपासणारी) करा, किंवा मागच्या जागेपासून आत्ताच्या जागेपर्यंत किरण टाकून मधे कोण आहे ते बघा.

एवढं झालं की गेम बरोबर चालेल आणि तरीही मिळमिळीत लागेल. टोला बसला की सगळा खेळ ०.०६ सेकंद गोठवा, कॅमेरा जरासा हलवा, थोडी धूळ उडवा आणि 'खट्' वाजवा. आवाज घरीच मोबाइलवर लाकडावर लाकूड आपटून घ्या, चार वेगवेगळे. एकच आवाज परत परत वाजला की यंत्र वाटतं. दर वेळी चारातला एक निवडून त्याची पट्टी ५ टक्के खालीवर करा. दोन संध्याकाळींचं काम आहे, आणि बघणाऱ्यावर परिणाम सगळ्यात जास्त याचाच होतो.

चित्रांची काळजी करू नका, पण आकाराची करा. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र कॉम्प्रेस न करता मेमरीत ६४ एमबी घेतं. डाउनलोड केलेली फाइल ३ एमबीची होती, हे तिथे कामाचं नाही. अशी पाच चित्रं टाकली की स्वस्तातला फोन गेम बंद करून मोकळा होतो. मोबाइलसाठी १०२४ पुरतं, आणि कॉम्प्रेशन एएसटीसी (मोबाइलवर चालणारा चित्रं आटवायचा एक प्रकार) ठेवा.

पहिल्या दिवसापासून गिट वापरा, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदून ठेवणारं साधन. लायब्ररी नावाचा फोल्डर त्यात टाकायचा नाही, तो युनिटी स्वतः परत तयार करतं. नावाच्या शेवटी मेटा लिहिलेल्या छोट्या फाइल मात्र टाकायच्याच. त्या कचरा समजून उडवल्या की सगळे जोड तुटतात आणि चालू सीनमध्ये 'स्क्रिप्ट सापडत नाही' असं येतं. त्याच कारणाने फाइलचं नाव बदलणं, हलवणं हे युनिटीच्या आतूनच करायचं, विंडोजच्या फोल्डरमधून नाही. १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब (गिटचं काम ऑनलाइन ठेवायची साइट) घेत नाही, तेव्हा मूळ चित्रांची जाडजूड फाइल वेगळी ठेवा.

चौथ्या महिन्यात गेम लोकांच्या हातात द्या. पाच जण पुरेत: कारखान्यातला एखादा सहकारी, एखादी मावशी, शेजारचा आठवीतला मुलगा. फोन हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. 'इथे दाब' म्हणायचं नाही. मावशी पहिल्या वीस सेकंदांत कुठे टॅप करते ते लिहून काढा. पाचातले तिघे जिथे अडतात, तिथे सूचनेचं वाक्य वाढवू नका. मांडणीच बदला.

प्रकाशनाचं वेळापत्रक लोक हमखास चुकवतात. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर ब्राउझरमध्ये चालणारा गेम फुकट टाकता येतो. झिपमध्ये इंडेक्सची एचटीएमएल फाइल सगळ्यात वरच्या पातळीला हवी, आतल्या फोल्डरमध्ये राहिली तर पान उघडत नाही. गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलरला मिळतं. मात्र नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त बोलावलेल्यांपुरती) घ्यावी लागते. बाराच माणसं धरलीत आणि एक जण मधेच बाहेर पडला की मोजणी बिघडते, म्हणून अठरा-वीस जणांना पकडा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या दुकानाचं शुल्क गेममागे १०० डॉलर. पैसे भरल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि 'लवकरच येत आहे' पान निदान दोन आठवडे आधी लागतं. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर. पहिल्या गेमला ते नकोच.

आता नोकरीचं. पुण्यात हे क्षेत्र नवखं नाही. युबिसॉफ्टचा इथला स्टुडिओ २००८ पासून आहे. सुपरगेमिंग ही कंपनी इथलीच, त्यांचा 'इंडस' २०२४ मध्ये आला. नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, तोही पुण्यात अनरियलवर घडलेला. 'गेम डेव्हलपर' ही मात्र एक नोकरी नाही. प्रोग्रामर वेगळा, आर्टिस्ट वेगळा, लेव्हल डिझायनर वेगळा, चाचणी करणारा क्यूए वेगळा. लहानपणी जे स्वप्न पडतं ते बहुतेक डिझायनरचं असतं, आणि नवख्याला सरळ ती जागा क्वचितच मिळते. तुमच्यासाठी खुली दारं दोन: गेमप्ले प्रोग्रामिंग आणि क्यूए.

क्यूएकडे नाक मुरडू नका, पण ते दिवसभर खेळायचं काम आहे असंही समजू नका. एकच दार दोनशे वेळा उघडून बंद करायचं काम आहे. 'पॉज केल्यावर गेम अडकतो' ही नोंद कचऱ्यात जाते. नोंद अशी हवी: बिल्डचा (गेमच्या तयार आवृत्तीचा) क्रमांक, फोनचं मॉडेल, तिसरी लेव्हल, विटी हवेत असताना पॉज, मग दोनदा झटपट बॅक, दहापैकी सात वेळा स्क्रीन काळा, अपेक्षा मेनू उघडण्याची, सोबत १५ सेकंदांचा व्हिडिओ. कारखान्यात रिजेक्शनचं कारण लिहिताना जी शिस्त लागते तीच ही, आणि मुलाखतीत हे आवर्जून सांगा.

प्रोग्रामरच्या मुलाखतीत गणित विचारतात. व्हेक्टर, त्यांचा अदिश गुणाकार, बारावीचंच. राखणदाराला खेळाडू दिसतो का? राखणदाराच्या तोंडाची दिशा आणि खेळाडूकडची दिशा, दोन्ही एकक लांबीच्या; गुणाकार ०.५ च्या वर आला तर खेळाडू तोंडाच्या दिशेपासून कुठल्याही बाजूला ६० अंशांच्या आत आहे. हे कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे. 'फ्रेम पडतायत, काय कराल?' याला 'कोड ऑप्टिमाइझ करेन' हे उत्तर नाही. आधी प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) लावून एका फ्रेमचे १६.६ मिलिसेकंद कुठे जातायत ते बघेन, मग ठरवेन, हे उत्तर.

अर्जासोबत पाठवायचं ते इतकंच: ब्राउझरमध्ये उघडणारी लिंक, गिटहबचा दुवा आणि मिनिटभराचा व्हिडिओ, ज्यात पहिल्या पाच सेकंदांत खेळ दिसतो. आधी लोगो फिरवत बसू नका, बघणाऱ्याच्या पुढ्यात अजून ऐंशी अर्ज असतात. दोन-तीन पूर्ण गेम पुरे. अर्धे राहिलेले सात जोडले तर उलटच होतं. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल गेम जॅम असतो, बहुतेक ठिकाणी ४८ तासांत गेम बनवायचा. त्यात जा, कारण प्रोग्रामरला आर्टिस्ट तिथेच भेटतो. रमी-पोकरसारख्या पैसे लावायच्या ॲपमधल्या नोकऱ्या यादीतून काढून टाका. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आली आहे. जुने सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवा, त्यात बऱ्याच जागा या कंपन्यांच्याच होत्या.

कोर्सकडे परत येऊ. सहा महिन्यांनी गेम हातात असेल आणि नेमकं काय येत नाही हे सांगता येत असेल, तर कोर्सचा विचार जरूर करा. तेव्हा संस्थेत जाऊन ब्रोशर मागू नका, मागच्या बॅचच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम मागा आणि ते स्वतःच्या फोनवर टाकून खेळा. शिकवणाऱ्याने प्रकाशित झालेल्या कुठल्या गेमवर काम केलंय ते विचारा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे कुठल्या पदावर, किती पगारावर, हे लेखी मागा. हप्ता म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स मधेच बंद पडला तरी ते फेडावं लागू शकतं, म्हणून सहीआधी कागद वाचा. बाबांनाही दाखवा, ते कोर्सच्या विरोधात असतील तर कलमं जास्तच बारकाईने वाचतील.

लॅपटॉप पुरेल. २डी युनिटीला ८ जीबी चालतात, क्रोम बंद ठेवून. पैसे घालायचेच तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, मग जागा असेल तर रॅम १६ करा. ग्राफिक्स कार्डवाला नवा लॅपटॉप ३डीकडे वळाल तेव्हा. आणि चाचणीसाठी घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन मोडीत देऊ नका, कपाटातून काढून चार्जिंगला लावा.